बेचाळीस की अठ्ठावन्न

कुंडलिक खरातने भर हॉलमध्ये माझं वजन चुकीचं सांगितलं आणि माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला, तो काही केल्या संपेना.

तेही थोडंथोडकं चुकीचं नाही. सोळा किलोंनी चुकीचं!

झालं असं की त्या जानेवारीत आमच्या शाळेत दात तपासायला एक डॉक्टर मॅडम आल्या. जानेवारीत मुलुंडला सकाळी चांगलंच गारठतं. टेकडीकडून वारा येतो आणि आम्ही मुली स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून, तोंडातून वाफा काढत शाळेत शिरतो. त्या मॅडमचं नाव अनुपमा. पांढरा कोट, उंच बांधलेली पोनीटेल, हातात छोट्या दांडीवरचा गोल आरसा, आणि अंगाला लवंगेच्या तेलाचा वास. डेंटल कॉलेजात त्या शेवटच्या वर्षाला होत्या आणि कसलासा अभ्यास करत होत्या. मुलांचे दात किती किडलेत, त्यांचं वजन किती आणि घरची परिस्थिती कशी, ह्या तिन्हींचं एकमेकांशी काय नातं आहे, ते त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी पहिली ते चौथीची सगळी चिल्लीपिल्ली हॉलमध्ये रांगेत उभी करायची होती. आणि त्यांना आवरायला नववीतली मुलं हवी होती.

मला घेतलं ते आवाजामुळे. "परब एकदा ओरडली की स्टेशनपर्यंत ऐकू जातं," पीटीचे सर म्हणाले.

गेल्या वर्षी कोणी असं म्हणालं असतं ना, तर मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसलं असतं. गेल्या वर्षी मी शेवटच्या बाकावरची वनमाला परब होते, जिला मुलं 'ए भोपळ्या' म्हणायची आणि जी पोक काढून चालायची. पण डिसेंबरात मी आंतरशालेय स्पर्धेत गोळाफेकीत पहिली आले. पहिली! माझा गोळा जिथे पडला, तिथे मोजायची टेप आणायला माणसाला धावत जावं लागलं. तेव्हापासून मी पाठ सरळ ठेवून चालते. आणि मेडल गळ्यात घालून शाळेत येते. हो, रोज. बाईसुद्धा आता काही बोलत नाहीत.

आणि कुंडलिकला का घेतलं, तर तो गडबड करत नाही म्हणून. तो नववी 'क'मधला, मी 'अ'मधली. आमच्या शाळेच्या बँडमध्ये तो बिगूल वाजवायचा. उंच, काडीसारखा, आणि चेहरा असा की जणू कोणी त्याच्याशी न हसण्याची पैज लावलीय. शाळेत एवढी वर्षं एकत्र, पण आम्ही एकमेकांशी अक्षर बोललो नव्हतो. मी त्याला मनातल्या मनात 'शिष्ट' म्हणायचे.

मॅडम म्हणाल्या, "लहान मुलं काट्यावर चढायला घाबरतात. आधी तुम्ही मोठी चढा, म्हणजे त्यांची भीड चेपेल."

कुंडलिकचं वजन त्यांनी स्वतःच करून घेतलं होतं. आता काटा वाचायचं काम त्याच्याकडे. मी गेले, चपला काढल्या, ऐटीत चढले. मेडल छातीवर टण्‌कन आपटलं. समोर कुंडलिक.

आणि... तो काहीच बोलेना.

"अरे, सांग ना," मी म्हटलं.

"बेचाळीस," तो म्हणाला. ओठ जेमतेम हलले.

"किती?"

"बेचाळीस."

मॅडम मान खाली घालून ते लिहायला लागल्या. रांगेतली पोरं माझ्याकडे वरून खाली बघायला लागली. खालून वर. पहिलीतल्या एका मुलीने चक्क तोंडावर हात ठेवला. आणि माझ्या डोक्यात सर्रकन काहीतरी गेलं. स्पर्धेच्या दिवशी सरांनी माझं वजन केलं होतं ते मला पाठ होतं. तेच वजन तर मी त्या गोळ्याच्या मागे लावलं होतं! आणि हा त्यातलं पाव वजन हवेत उडवतो?

"अठ्ठावन्न!" मी ओरडले. "मॅडम, अठ्ठावन्न लिहा! मी अठ्ठावन्न किलोची आहे!"

स्टेशनपर्यंत गेलं असावं.

सगळा हॉल हसला. मीही हसले, कारण मला खरंच काही वाटलं नाही. फक्त कुंडलिक हसला नाही. त्याचे कान लाल झाले, मग गाल, मग मान, आणि तो काट्याकडे असा बघत राहिला, जसा काही काटाच त्याच्याशी खोटं बोलला होता.

"अठ्ठावन्न," मॅडमनी खोडून लिहिलं. मग मला खुर्चीत बसवलं. "चॉकलेटं फार आवडतात वाटतं? बघू, आ कर."

मी आ केला. आरसा आत गेला. इकडे फिरला, तिकडे फिरला. मॅडमच्या भुवया हळूहळू वर चढल्या.

"एकही कीड नाही?"

"चॉकलेट वर्षातून एकदा," मी म्हटलं. "वाढदिवसाला."

"मग... हे वजन?"

"मासे, भात, मॅडम! आई डबे देते ना. बाबांची गिरणी संपात गेली तेव्हापासून घरात खाणावळच आहे. आता बाबा बाटल्यांच्या कंपनीत आहेत, पण आईने डबे सोडले नाहीत. उरलेलं सगळं माझ्याकडे येतं."

मॅडमनी पेन गालाला लावलं. बहुतेक त्यांचं काहीतरी गणित चुकत होतं.

माझंही चुकत होतं.

* * *

"सरळ आहे," मधल्या सुट्टीत माणिक म्हणाली. माणिक माझी जिवाभावाची मैत्रीण, आणि असल्या विषयात स्वतःला फार हुशार समजते. "त्याला तू आवडतेस. म्हणून त्याने कमी सांगितलं. तुला लाज वाटू नये म्हणून."

"पण मला लाज वाटतच नाही."

"मग उलटं असेल. त्याला तू जाडी वाटतेस. अठ्ठावन्न हा आकडा त्याच्या तोंडातून बाहेरच पडेना."

"अगं, दोन्ही कसं असेल?"

"एक तरी असेलच ना," असं म्हणून तिने माझ्या डब्यातली सुरमईची तुकडी उचलली.

आता बघा. एका आकड्याचे दोन अर्थ, आणि दोन्ही एकमेकांच्या उरावर बसलेले. मी रागवायचं की लाजायचं? लाजायचं तर कशाला? जो मुलगा आपल्याकडे बघून साधं हसत नाही, त्याच्यासाठी? आणि रागवायचं तर दिवसभर त्याचे ते लाल कान का आठवत होते मला?

घरी आई ओट्याशी डबे भरत होती. मी मागे उभी राहून सगळं सांगितलं. म्हणजे, मुलाचं नाव वगळून.

"कमी सांगल्यान तर सांगल्यान," आई म्हणाली. "वजन काय उतरला तुझा तेच्या सांगण्यान? भात वाढ त्या डब्यात."

"पण का सांगितलं असेल गं?"

आईने पळी थांबवली. माझ्याकडे वळून बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"कोण मुलगो तो?"

"कोणी नाही," म्हणून मी भात वाढायला लागले आणि एकाच डब्यात दोन वेळा वाढला.

* * *

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. त्यामुळे मला त्याचं सगळंच दिसलं.

लहान मुलांशी तो वेगळाच होता. रडणाऱ्या पोराच्या उंचीला वाकायचा. "विमानात चढायचंय ना? मग हा दरवाजा," असं म्हणून काट्यावर उभं करायचा. वजन हळूच मॅडमना सांगायचा, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं. हसायचासुद्धा! पण ओठ मिटून. आणि फारच हसू आलं तर तोंडापुढे हात धरून, एखादी नवरी पदर धरते तसा.

आणि मध्येच वर बघायचा. मी बघत असले की पटकन काट्याकडे.

दुसरीच्या रांगेत एक मुलगी आली. दोन घट्ट वेण्या, फ्रॉकची खालची शिवण उसवलेली, डोळे हुबेहूब कुंडलिकचे. त्याची बहीण, शकु. तिचं वजन त्याने सांगितलं ते मॅडमनाही पुन्हा विचारावं लागलं, इतकं हळू. मग तिने खुर्चीत बसून आ केला, आणि मॅडमचा आरसा एकेका दातापाशी थांबायला लागला. थांबतच राहिला.

"सकाळी काय खाल्लंस, बाळा?"

"गोळ्या."

"औषधाच्या?"

"नाही. संत्र्याच्या."

"आणि जेवणात?"

"भाकरी."

"भाकरीबरोबर?"

"गोळ्यांचा चुरा," शकु अगदी खुशीत म्हणाली. "आई कारखान्यात गोळ्या भरते ना. फुटक्या गोळ्या घरी आणायला देतात. आमच्या अख्ख्या गल्लीत देते ती."

मागे चौथीतला एक गुटगुटीत मुलगा, बूट चकाचक, ओरडला, "रोज गोळ्या? मजा आहे!"

"म्हणून दात काळे!" दुसरा म्हणाला. आणि रांग हसली. मी कालच्या हसण्यात सामील झाले होते, पण हे हसणं तसलं नव्हतं. शकुने तोंड मिटलं. तिचा चेहरा असा झाला की... आणि मग—

"काय हसताय रे?" कुंडलिक गर्रकन वळला. "कोणी हसलं तर काट्यावरून उतरूच देणार नाही! दिवसभर उभा करीन!"

इतक्या मोठ्याने तो बोलू शकतो हे कोणाला माहीतच नव्हतं. आणि त्या वेळी, पहिल्यांदाच, मला त्याचं तोंड उघडं दिसलं. वरचा पुढचा दात, डावीकडचा. अर्धा काळा, कडेला खाल्लेला, जळक्या काडीच्या टोकासारखा.

मी बघितलं, हे त्याने बघितलं.

त्याचा हात तोंडावर गेला. तो उठला, आणि मॅडमना "आलोच" म्हणून बाहेर निघून गेला.

* * *

तो मैदानाच्या कडेला, पाण्याच्या नळापाशी होता. ओंजळीने चूळ भरत होता. गार पाणी दाताला लागलं की डोळे घट्ट मिटत होता.

माझ्या मनात होतं की हळुवार काहीतरी बोलावं. पण तोंडातून आलं ते असं:

"ए. माझे सोळा किलो कुठे गेले?"

तो दचकला. मग ओठ पुसत म्हणाला, "मेडलचं वजन वजा केलं."

"सोळा किलोचं मेडल?"

"तू ज्या रुबाबात घालून येतेस, मला वाटलं असेल तेवढं."

मला हसू आलं. मला हसू यायला नको होतं, पण आलं. मला कुठे माहीत होतं की हा शिष्ट असलं काही बोलतो!

"खरं सांग ना."

तो नळाशी चाळा करत राहिला. नळ बंद, चालू. बंद.

"सगळे हसले असते तुला," तो म्हणाला.

"मग? हसलेच की. मी मेले का?"

"तुला चालतं. मला नाही चालत." आणि जरा थांबून, "म्हणजे... मला कोणी हसलेलं नाही चालत."

पुन्हा गोंधळ! मला हसलेलं चालत नाही त्याला, की त्याला हसलेलं? विचारणार कसं? मी दुसरंच विचारलं.

"दुखतो का?"

"रात्री." मग एकदम, "तू कोणाला सांगू नकोस. शेवटच्या दिवशी मॅडम मदतीला आलेल्या बाकीच्या मोठ्या मुलांचेपण दात तपासणारेत. मी त्या दिवशी येणार नाही."

"वेडा आहेस का? डॉक्टर समोर बसलीय, फुकट!"

"दात काढतील गं ते." तो आता माझ्याकडे नीट बघत होता. "पुढचा दात. सव्वीस जानेवारी आलीय. बिगूल ओठांनी वाजतो, पण ओठ टेकतात दातांवर. खिंडार पडलं की हवा सुटते. फुस्स. गेल्या वर्षी सलामीला दुसरा मुलगा होता, मी नुसता उभा होतो. ह्या वर्षी सरांनी मला दिलंय. एकट्याला. आईने कारखान्यात सगळ्या बायकांना सांगितलंय, त्या बघायला येणारेत."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं, ते मला फार ओळखीचं वाटलं. माझा गोळा हातातून सुटायच्या आधी माझ्या छातीत असंच काहीतरी असतं.

"पण मी काट्यावर उभी राहिले ना सगळ्यांसमोर?" मी म्हटलं. "मग तू नुसतं तोंड नाही उघडू शकत?"

"तुझं वजन तुला जिंकून देतं, वनमाला. माझा दात मला काय देणार?"

आणि तो गेला. मी तिथेच. रागावू? त्याने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. पूर्ण नावाने. 'परब' नाही, 'ए' नाही. नळ ठिबकत होता आणि मी उगाचच तो घट्ट करत बसले, कितीतरी वेळ.

* * *

शेवटच्या दिवशी सकाळी मी गोळ्याच्या सरावाला लवकर आले. पलीकडे बँड चालला होता. कुंडलिकने बिगूल ओठाला लावला. पहिला सूर निघाला—स्वच्छ, लांब, थंड हवेत टेकडीपर्यंत जाणारा—आणि मध्येच तुटला. त्याने पुन्हा लावला. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा त्याने बिगूल खाली केला आणि नाकाखाली हात दाबून उकिडवाच बसला.

मी गोळा टाकून धावले. त्याचा वरचा ओठ टम्म सुजला होता, अगदी नाकापर्यंत. सर म्हणत होते, "खरात, असं असेल तर सलामी नंदकुमार वाजवेल. तू घरी जा."

नंदकुमार आठवीतला. त्याचा बिगूल ऐकला की रिक्षा बाजूला होतात.

"चल," मी म्हटलं.

"कुठे?"

"मॅडमकडे."

"काढतील."

"तू विचारलंयस त्यांना?"

"नाही."

"मग तुला कसं माहीत?"

तो माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मी विचारलं होतं की पाऊस खाली पडतो हे तुला कसं माहीत. "आमच्याकडे सगळ्यांचे काढतात," तो म्हणाला. "दुखला की जायचं, काढून यायचं. माझ्या आईचे काढले. काकाचे काढले. दाताच्या डॉक्टरकडे दुसरं काय करतात?"

आणि खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं! माझ्या दाताला कधी काही झालंच नव्हतं. मी आपली जाडी, मजबूत, सुरमई खाणारी. काढत नसतील हे मी कशाच्या जोरावर सांगणार?

"विचारू तर," मी म्हटलं. "काढते म्हणाल्या तर पळ. मी दारात उभी राहते, कोणी आडवं आलं तर त्याला मी बघते."

त्याचा सुजलेला ओठ हलला. हसू असावं ते.

हॉलमध्ये सगळी रांग भरली होती. मॅडमनी त्याचा चेहरा बघितला आणि खुर्ची पुढे ओढली. "बस लगेच. आ कर."

तो बसला. पण तोंड उघडेना. समोर पन्नासेक पोरं, त्यांत त्या दिवशीची ती दोघं, बूटवाला आणि त्याचा मित्र. सगळे माना उंच करून बघत होते. कोपऱ्यात शकु वेणीचं टोक चावत उभी. कुंडलिकने खुर्चीचा हात असा धरला होता की बोटं पांढरी पडली. मॅडम म्हणाल्या, "अरे, उघड." तो नुसता माझ्याकडे बघत होता. तो आता उठणार, हे मला कळलं. उठणार आणि पळणार, आणि मॅडम काय म्हणाल्या असत्या ते कधी कळणारच नाही.

मग मी जे केलं, ते ठरवून नाही केलं.

मी टुणकन उडी मारून काट्यावर चढले. काटा किंचाळला.

"ए, सगळ्यांनी इकडे बघा!" स्टेशनच काय, ठाण्यापर्यंत. "ओळखा बघू, वनमालाताईचं वजन किती? जो ओळखेल त्याला माझं मेडल घालायला मिळेल!"

पन्नासच्या पन्नास माना माझ्याकडे वळल्या.

"शंभर!"

"एक क्विंटल!"

"ते एकच झालं रे गाढवा!"

"ताई, काटा तुटेल!"

हसण्याचा असा कल्लोळ उठला की शेजारच्या वर्गात फळ्याखाली ठेवलेला खडूसुद्धा पडला असेल. मी कमरेवर हात ठेवून गोल फिरले. "चुकलं! चुकलं! पुढचा बोला!" पोरं काट्याभोवती गोळा झाली, बूटवाला सगळ्यांत पुढे. आणि त्या सगळ्या डोक्यांच्या वरून, पलीकडे, मला दिसलं की कुंडलिकने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

मॅडम वाकल्या. आरसा चमकला. त्या काहीतरी बोलल्या. त्याने डोळे उघडले. त्या पुन्हा बोलल्या.

"अठ्ठावन्न!" खालून शकु ओरडली. तिला पहिल्या दिवसापासून माहीत असणार, भावाने सांगितलं असणार. मी मेडल काढून तिच्या गळ्यात घातलं. ते तिच्या कमरेपर्यंत आलं.

नंतर मॅडमनी मला सांगितलं, "पुढचा दात असा कोणी काढतं का? आतून साफ करायचा, औषध भरायचं. दोन-चारदा आमच्या कॉलेजात यावं लागेल, एवढंच. आणि त्या गोळ्या बंद करा म्हणावं. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, काहीही, पण चुरा नको." मग त्या हातातल्या कागदांकडे बघत स्वतःशीच म्हणाल्या, "जाडी मुलगी, दात मोत्यासारखे. बारीक मुलं, आणि सगळं तोंड किडलेलं. त्या चकाचक बूट घातलेल्या मुलाचेही किडलेत म्हणा... काहीच एका रेषेत येत नाहीये."

"माझंपण," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही, मॅडम."

* * *

सव्वीस जानेवारीला मैदानावर दव होतं. माझ्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांची टोकं ओली झाली होती. कुंपणाशी आठ-दहा बायका उभ्या होत्या, इस्त्रीच्या साड्या, केसांत अबोली. त्यांच्यात मध्ये एक उंच, काडीसारखी बाई. तिच्या कडेला शकु. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि टरफलं आईच्या हातात ठेवत होती.

कुंडलिक पुढे आला. बिगूल वर गेला. उगाच खोटं का बोलू, मी झेंड्याकडे बघत नव्हते.

सूर निघाला. पहिला. दुसरा. मध्ये एक जरासा थरथरला, पण सावरला, आणि मग सगळं कसं स्वच्छ, लांब, वरवर चढत टेकडीपर्यंत गेलं. कुंपणाशी त्या उंच बाईने पदर डोळ्याला लावला. झेंड्यातून फुलं पडली.

कार्यक्रम संपल्यावर मुलं लाडवाच्या रांगेकडे पळाली. मी नळापाशी गेले. का गेले, ते मला विचारू नका. तो तिथेच होता.

"लाडू नाही घेतलास?" मी विचारलं.

"मॅडमनी सांगितलंय गोड बंद." त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. "फुटाणे आहेत. घे."

आम्ही फुटाणे खाल्ले. तो उजव्या बाजूने चावत होता. कुडुम कुडुम.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "त्या दिवशी मी म्हणालो ना, सगळे हसले असते म्हणून कमी सांगितलं... ते खोटं होतं."

माझ्या घशात फुटाणा अडकला. "आणि मेडलचं?"

"ते तर खोटंच होतं." त्याचे कान लाल व्हायला लागले होते. "मॅडमनी तुझ्या आधी माझं वजन केलं होतं. बेचाळीस. तेच डोक्यात होतं. तू चढलीस आणि मी... मी काटा बघितलाच नाही. तू 'सांग ना' म्हणालीस, तर जे तोंडात आलं ते बोललो."

बेचाळीस. त्याचं वजन! एवढे दिवस मी त्या आकड्यात काय काय शोधलं होतं. कीव, अपमान, दया, प्रेम. आणि तो आकडा माझा नव्हताच मुळी.

"काटा नाही बघितलास," मी म्हटलं, "मग काय बघत होतास?"

हे मी म्हटलं खरं. पण माझा तो आवाज, स्टेशनपर्यंत जाणारा, दोन पावलांवरच्या मुलालाही ऐकू गेला नाही.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

"म्हणालीस काहीतरी."

"ऐकू आलं असेल तर उत्तर दे ना!"

आणि तो हसला. हात वर गेला, अर्ध्यावर थांबला, आणि खाली आला. सगळं तोंड उघडून हसला. पुढच्या दातावर मॅडमनी भरलेला पांढरा ठिपका होता, खडूने टेकवल्यासारखा, बाकीच्यांपेक्षा कितीतरी पांढरा.

"तुला," तो म्हणाला.

मैदानावरून माणिक मला हाका मारत होती. "वनूऽऽ! लाडू संपले गं!"

संपू देत. मी पुडीत हात घातला. त्यानेही त्याच वेळी घातला. पुडी लहान होती... आणि दोघांपैकी कोणीच हात आधी बाहेर काढेना.